रक्तदाबाची कोणती गोळी, हा प्रश्न आकडीचाही आहे

पक्षाघातातून सावरलेला माणूस रुग्णालयातून घरी निघतो तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर रक्तदाबाची एक गोळी बहुतेक वेळा असतेच. कोणती, हे बरंचसं लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या सवयीवर ठरतं. आकडा खाली आला की काम झालं, इतका साधा हिशेब त्यामागे असतो, आणि रक्तदाबापुरता तो बरोबरही आहे. मग वर्षा-दीड वर्षाने एखाद्या रात्री त्याच माणसाचे हातपाय ताठ होतात, डोळे वर जातात, तोंडातून फेस येतो. आकडी येते. दुसऱ्या दिवसापासून कागदावर फेफऱ्याची गोळी वाढते आणि ती सहसा परत कमी होत नाही.

मधल्या त्या दीड वर्षात मेंदूत काय चाललं होतं? आणि रोज सकाळी न चुकता घेतलेली रक्तदाबाची गोळी त्यात काही भर घालत होती, काही रोखत होती, की तिचा काहीच संबंध नव्हता? हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे शोधून काढता येतं, त्याला फारसा खर्च नाही, आणि ते काम कोणतीही औषध कंपनी करणार नाही. म्हणून ते लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी अंगावर घेतलं पाहिजे.

आधी अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, औषधांची आजची अवस्था पाहू. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. त्यातल्या ढोबळमानाने एक तृतीयांश लोकांच्या आकड्या औषधांना दाद देत नाहीत. ग्लासगोतल्या एका दवाखान्याने आपल्या रुग्णांचा हिशेब दोनदा मांडला. २००० साली, आधी कोणतंच औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या आकड्या थांबल्या होत्या आणि सगळे प्रयत्न धरून प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. २०१८ साली तिथल्याच १७९५ रुग्णांचा हिशेब आला: ६३.७ टक्के. मधल्या काळात नव्या औषधांची रांग लागली. त्यातली काही अंगाला अधिक मानवणारी आहेत, त्यांचे दुष्परिणाम सौम्य आहेत, आणि रुग्णाच्या रोजच्या जगण्यात ही गोष्ट छोटी नाही. पण आकड्या थांबलेल्यांचं प्रमाण जिथल्या तिथे राहिलं.

असं का झालं याचं एक कारण औषध शोधण्याच्या पद्धतीत आहे. दशकानुदशकं नवं रसायन तपासायचं म्हणजे निरोगी उंदराला विजेचा झटका द्यायचा किंवा आकडी आणणारं रसायन टोचायचं आणि नवं औषध ती आकडी दाबतं का ते पाहायचं. अमेरिकेत १९७५ साली सरकारी पैशावर असा मोठा कार्यक्रम उभा राहिला आणि त्यातून उपयोगी औषधं मिळाली, हे मान्य करायलाच हवं. पण चाळणीची भोकं ज्या आकाराची, त्याच आकाराचे दाणे खाली पडतात. आज जगभर वापरलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम या दोन्ही नेहमीच्या चाचण्यांत नापास झालं होतं. ते वेगळ्या प्रकारच्या प्राण्यांवर तपासलं म्हणून हाती लागलं. आणि आकडी दाबणारं औषध शोधायला बसलेल्या माणसाला आकडीचा आजार मुळात रुजूच न देणारं औषध सापडेल कसं? त्याने ते शोधलेलंच नसतं.

आता हृदयाकडे वळू. हृदय आणि मेंदू हे दोन्ही विजेवर चालणारे अवयव आहेत. पेशीच्या आवरणातल्या बारीक दारांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत-बाहेर करतात आणि त्यातून हृदयाचा ठोका उठतो, मेंदूतला संदेश उठतो. दारं सारखी, म्हणून औषधंही एकमेकांच्या घरात जातात. १९३८ साली आकडीवर उपयोगी ठरलेलं फेनिटॉइन पुढे हृदयाच्या बिघडलेल्या लयीवरही वापरलं गेलं. लिडोकेन तर दोन्हीकडचं: हृदयाच्या अतिदक्षता विभागात लय सावरायला, आणि काही देशांत नवजात बाळांच्या न थांबणाऱ्या आकड्यांवर. म्हणून हृदयाची औषधं आकडीवर तपासून पाहण्यात वेडेपणा नाही. फेफऱ्याच्या इतिहासातल्या मोठ्या पायऱ्या अशा आडवाटेनेच सापडल्या आहेत. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमन या तरुण डॉक्टरने झोपेसाठी फेनोबार्बिटल दिलं आणि रुग्णांच्या आकड्या कमी झालेल्या त्याला दिसल्या. व्हॅल्प्रोएट तर दुसरी रसायनं विरघळवण्यासाठी द्रावक म्हणून वापरत होते. त्यात विरघळवलेलं प्रत्येक रसायन आकडी थांबवू लागलं, तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या संशोधकांच्या लक्षात आलं की गुण द्रावकाचाच आहे.

पण हे नातं दुधारी आहे. आणि ते दोन्ही धारांनी समजून घेतलं नाही, तर या विषयावर बोलणारा माणूस, मीसुद्धा, रुग्णांचं नुकसान करू शकतो.

क्विनिडीनचं उदाहरण घ्या. हृदयाच्या लयीचं हे जुनं औषध. केसीएनटी१ नावाच्या जनुकात बदल झालेल्या काही मुलांना अगदी तान्हेपणापासून भयंकर आकड्या येतात. या बदलामुळे पोटॅशियमचं एक दार गरजेपेक्षा जास्त उघडं राहतं. प्रयोगशाळेत दिसलं की क्विनिडीन नेमकं ते दार बंद करतं. २०१४ साली एका मुलाला त्याने फरक पडल्याचं प्रसिद्ध झालं. कारण कळलं, दार सापडलं, किल्ली आधीच फडताळात होती. अशी बातमी वाचून मन भरून येतं, आणि ज्यांच्या मांडीवर असं मूल आहे त्यांना तर त्यात देवच दिसणार. जगभर डॉक्टरांनी ते औषध देऊन पाहिलं. कोणाला गुण आला, कोणाला नाही. मग २०१८ साली याच जनुकातल्या बदलामुळे अपस्मार झालेल्या सहा रुग्णांवर नीट चाचणी प्रसिद्ध झाली. कोणाला कधी खरं औषध आणि कधी बिनऔषधी गोळी मिळते आहे, हे रुग्णाला माहीत नव्हतं. पहिल्या दोघांच्या हृदयाच्या आलेखात धोक्याची लांबण दिसली, म्हणून मात्रा खाली आणावी लागली. आणि आकड्यांवर फायदा काहीच दिसला नाही.

सहा माणसं. एवढ्या छोट्या चाचणीने शेवटचा शब्द लिहिला जात नाही, आणि तान्ह्या मुलांचा आजार व मोठ्यांचा आजार अगदी एकच नाही, हेही खरं. पण त्या सहा जणांनी केवढं काम केलं! सुट्या सुट्या रुग्णांच्या हकिगती आणखी दहा वर्षं गोळा होत राहिल्या असत्या तरी जे उत्तर मिळालं नसतं, त्याच्या जवळ त्यांनी आपल्याला नेलं. अपस्मारात तर हे फार महत्त्वाचं, कारण आकड्या आपोआप कमी-जास्त होतात. माणूस नवं औषध मागायला जातो तो बहुधा सगळ्यात वाईट महिन्यात. पुढचा महिना काहीही न करता थोडा बरा जाण्याची शक्यता असतेच, आणि त्याचं श्रेय नव्या गोळीला मिळतं.

बुमेटॅनाइडची कथा मला याहून अस्वस्थ करते. हृदय थकलं की अंगावर सूज येते, ती उतरवायला लघवी वाढवणारं हे औषध. नवजात बाळाच्या मेंदूपेशींत क्लोराइड जास्त साठलेलं असतं. त्यामुळे मोठ्या माणसात मेंदूला शांत करणारा गाबा हा संदेशवाहक बाळात उलट चेतवू शकतो, आणि म्हणूनच फेनोबार्बिटल बाळांत अपुरं पडतं, असा एक तर्क आहे. क्लोराइड आत खेचणारा पंप बुमेटॅनाइड बंद करतं. तर्क सुंदर होता. जन्मताना प्राणवायू कमी पडून आकड्या येणाऱ्या बाळांवर युरोपात चाचणी सुरू झाली, आणि १४ बाळांनंतर ती थांबवावी लागली. निकाल २०१५ साली आला. आकड्यांवर पुरेसा परिणाम दिसला नव्हता, आणि वाचलेल्या ११ बाळांपैकी तिघांना ऐकू येण्यात दोष आढळला. पुढे २०२१ साली अमेरिकेतल्या ४३ बाळांच्या एका चाचणीने आकड्यांचा भार काहीसा कमी झाल्याचं दाखवलं. म्हणजे प्रश्न मिटला नाही. पण कल्पना करा, ती युरोपातली चाचणी झालीच नसती आणि केवळ त्या सुंदर तर्कावर हे औषध वॉर्डावॉर्डांत रूढ झालं असतं. आधीच अशक्त, आधीच दहा औषधांवर असलेल्या बाळाचे कान गेले, तर ते कशाने गेले हे कोणाच्या लक्षात आलं असतं? चाचणी थांबली याला मी अपयश म्हणत नाही. तिने ते पाहिलं, एवढ्यासाठीच ती केली होती.

व्हेरापामिलबद्दल थोडक्यात सांगतो. रक्तदाब आणि हृदयगती उतरवणारं हे औषध मेंदूतून औषधं बाहेर फेकणारा एक पंप अडवतं, त्यामुळे फेफऱ्याची औषधं आत टिकतील अशी आशा होती. चाचण्या छोट्या झाल्या आणि ठोस असं हाती लागलं नाही. पण व्हेरापामिल यकृतात कार्बामेझेपिन या फेफऱ्याच्या औषधाचा निचरा मंदावतं, हे पक्कं ठाऊक आहे. रक्तातली पातळी चढते, माणसाला चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो. उलट फेनिटॉइन, कार्बामेझेपिन, फेनोबार्बिटल ही औषधं रक्तदाबाच्या काही गोळ्या यकृतात इतक्या झपाट्याने संपवतात की गोळी घेऊनही रक्तदाब उतरत नाही. म्हणून हा लेख वाचून कोणी आपल्या किंवा आईवडिलांच्या गोळ्यांत स्वतःहून बदल करू नये. कळकळीने सांगतो. फेफऱ्याचं औषध अचानक थांबवलं तर न थांबणारी आकडी येऊन जीव जाऊ शकतो.

इतकं सगळं विरुद्ध सांगून झाल्यावर मी चाचण्यांची मागणी कशासाठी करतो आहे? कारण आकडी दाबण्यापेक्षा एक मोठा प्रश्न आहे, आणि तिथे रक्तदाबाच्या औषधांचं पारडं बरंच जड दिसतं. तो प्रश्न आजार रुजू न देण्याचा.

डोक्याला मार लागला, पक्षाघात झाला, मेंदूत संसर्ग झाला, की लगेच आजार जडतो असं नाही. काही आठवडे, महिने, कधी वर्षं जातात. या शांत काळात मेंदू आतून बदलत असतो. तो बदल रोखणारं एकही मान्यताप्राप्त औषध आज जगात नाही. फेफऱ्याची नेहमीची औषधं आधीच देऊन पाहिली गेली आहेत. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोक्याला गंभीर इजा झालेल्या ४०४ जणांपैकी निम्म्यांना फेनिटॉइन दिलं. पहिल्या आठवड्यातल्या आकड्या १४.२ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आल्या. नंतरच्या आकड्यांवर मात्र शून्य परिणाम. ज्वाळा विझली, निखारे तसेच राहिले.

निखाऱ्यांबद्दल गेल्या काही वर्षांत जे कळलं ते असं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते, रक्तातलं सगळं काही ती मेंदूत जाऊ देत नाही. इजेनंतर ती झिरपू लागते. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मेंदूत उतरतं, तिथल्या चेतापेशींची देखभाल करणाऱ्या तारकापेशींना चिकटतं आणि टीजीएफ-बीटा नावाचा संदेश सुरू करतं. दाह वाढतो, पेशींभोवतीचं जास्तीचं पोटॅशियम उचलण्याचं काम ढिलं पडतं, चेतवणाऱ्या नव्या जोडण्या तयार होतात. अशा जागेतून आकडी उठते. आता लोसार्टन पाहा. रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अँजिओटेन्सिन या रसायनाचं दार अडवून रक्तदाब उतरवणारी ही गोळी १९९५ पासून बाजारात आहे, कोट्यवधी लोकांनी ती वर्षानुवर्षं घेतली आहे. ती हा टीजीएफ-बीटाचा संदेशही मंदावते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना मेंदूच्या इजेनंतर तीन आठवडे लोसार्टन दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत अपस्मार रुजलाच नाही, आणि औषध थांबवल्यावरही तो परिणाम टिकला. औषध थांबवल्यावरही, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. आकडी दाबणारं औषध बंद केलं की आकडी परत येते. इथे मुळाशी काहीतरी घडलं असावं.

उंदरात साधलेलं माणसात साधेलच असं नाही, हे बुमेटॅनाइडने शिकवलंच आहे. पण माणसांकडूनही इशारे आले आहेत. जर्मनीत १,६८,६१२ रक्तदाबाच्या रुग्णांच्या नोंदी चार प्रकारच्या औषधांनुसार समान गटांत वाटून पाहिल्या. अँजिओटेन्सिनचं दार अडवणारी औषधं घेणाऱ्यांत नव्याने अपस्मार होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी निघालं. हे २०२२ साली आलं. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या नोंदींतूनही त्याच दिशेचं उत्तर मिळालं.

नोंदींवर मी किती विश्वास ठेवतो? इशारा म्हणून पुरेपूर, पुरावा म्हणून थोडा. कोणती गोळी कोणाला मिळाली हे नशिबाने ठरलेलं नव्हतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला बीटा ब्लॉकर, म्हणजे त्या चारांपैकी दुसऱ्या एका प्रकारचं औषध, मिळण्याची शक्यता जास्त, आणि ज्याच्या रक्तवाहिन्या खराब त्याच्या मेंदूला इजा होण्याचीही शक्यता जास्त. मग फरक गोळीने पडला की माणसाने? आकडेशास्त्र यातलं बरंच धुऊन काढतं, सगळं नाही. ज्या गोष्टीची नोंदच झाली नाही, ती धुणार कशी?

याला उपाय एकच. चिठ्ठी टाकायची. आणि इथे परिस्थिती अशी सोयीची आहे की तिचा फायदा न घेणं मला अन्यायाचं वाटतं. नव्या औषधाच्या चाचणीत निम्म्या लोकांना बिनऔषधी गोळी द्यावी लागते, आणि त्यावर नैतिक वाद होतात. इथे तो प्रश्नच येत नाही. पक्षाघातानंतर रक्तदाब असलेल्या माणसाला गोळी द्यायचीच आहे. रक्तदाबासाठी सारख्याच चालतील अशा दोन-तीन गोळ्या आहेत. डॉक्टरांना त्यातली कोणतीही चालणार असेल, तेवढ्याच रुग्णांना संमती विचारून चिठ्ठीने गोळी ठरवायची. दोन्ही बाजूंना खरा उपचार मिळतो. मग दोन-तीन वर्षं एवढंच विचारत राहायचं: आकडी आली का?

किती माणसं लागतील? समजा, पक्षाघातानंतर शंभरात सात जणांना अपस्मार होतो असं धरलं, आणि गोळीने ते पाचवर येत असेल, तर तो फरक पकडायला प्रत्येक बाजूला साधारण २२०० माणसं हवीत. म्हणजे एकूण साडेचार हजारांच्या आसपास. आकडा मोठा वाटतो. पण करोनाच्या साथीत ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने मार्च २०२० मध्ये सुरुवात करून जूनमध्ये डेक्सामेथासोनचा निकाल दिला, तेव्हा त्या एका तुलनेत ६४०० हून अधिक रुग्ण होते. जुनं, पेटंट संपलेलं, स्वस्त औषध. साधा अर्ज, मोजके प्रश्न, नेहमीचीच रुग्णालयं. साथ होती म्हणून ते जमलं असं म्हणता येईल. मी म्हणेन, ठरवलं म्हणून जमलं.

अपस्मारातही हे घडून गेलं आहे. न थांबणाऱ्या आकडीत आधीचं औषध हरल्यावर शिरेतून काय द्यावं, यावर डॉक्टर वर्षानुवर्षं वाद घालत होते. लेव्हेटिरासिटॅम, फॉस्फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, तिन्ही जुनी. अमेरिकी सरकारच्या पैशावर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली आणि २०१९ साली उत्तर आलं: तिन्ही सारखीच, प्रत्येकाने साधारण निम्म्या लोकांची आकडी थांबवली. वाद मिटला. आता जे औषध हाताशी आहे ते डॉक्टर निःशंकपणे देऊ शकतात. या उत्तरातून कुणा कंपनीला नफा होणार नव्हता. म्हणूनच ते सरकारला विकत घ्यावं लागलं. लोसार्टनचंही तेच. त्याचं पेटंट कधीच संपलं. उद्या ते आकडी रोखतं असं सिद्ध झालं तरी ते कोणीही बनवू शकतं. ज्या कंपनीने चाचणीवर पैसे खर्च केले, तिच्या शेजारची कंपनी फुकट फायदा घेईल. कंपन्यांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. पण बाजार हा प्रश्न विचारणार नाही हे एकदा कळल्यावर, सार्वजनिक पैशाने दुसऱ्याच कोणाची तरी वाट पाहत बसणं मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. डोक्याला मार लागून अपस्मार होणाऱ्यांत तरुण माणसं पुष्कळ असतात, ज्यांचा रक्तदाब मुळात चांगला असतो. त्यांना रक्तदाब उतरवणारी गोळी का द्यायची? त्यातही स्त्रियांचा प्रश्न कठीण आहे. अँजिओटेन्सिनवर काम करणारी औषधं गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या सहा महिन्यांत, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. व्हॅल्प्रोएटने गर्भातल्या बाळांचं काय केलं हे कळायला जगाला दशकं लागली, आणि तो हिशेब स्त्रियांनी चुकवला. तो धडा विसरून नवी आशा वाटत सुटणं मला मान्य नाही. म्हणून सुरुवात मी तिथेच करीन जिथे गोळी आधीपासूनच घ्यायची आहे: रक्तदाब असलेले, वयस्क, पक्षाघातातून उठलेले रुग्ण. उतारवयात नव्याने होणाऱ्या अपस्माराचं सगळ्यात मोठं ओळखलेलं कारण पक्षाघात आहे, म्हणजे उत्तराची गरजही तिथेच जास्त आहे. तिथे काही हाती लागलं, तर मग तरुणांकडे जाऊ. तिथे काहीच लागलं नाही, तर हजारो लोक एका खोट्या आशेतून सुटतील, आणि तेही मोलाचं असेल.

ही चाचणी उभी राहीपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? बेल्जियमची एक गोष्ट इथे आठवते. फेनफ्लुरामिन हे वजन कमी करण्याचं औषध हृदयाच्या झडपा खराब करतं म्हणून १९९७ साली बाजारातून गेलं. ड्राव्हे नावाच्या भयंकर अपस्माराच्या काही मुलांना मात्र त्याने गुण आला होता. तिथल्या शासनाने खास परवानगी दिली, आणि डॉक्टरांनी त्या मोजक्या रुग्णांना वर्षानुवर्षं सांभाळलं, आकड्यांची आणि हृदयाची तपासणी करून नोंद ठेवली. २०१२ साली १२ जणांचा हिशेब आला, त्यातले सात जण निदान वर्षभर आकडीविना होते. मग कुठे मोठ्या चाचण्या झाल्या, आणि २०२० साली ते औषध हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर अमेरिकेत व युरोपात मान्य झालं. बारा माणसांच्या नीट ठेवलेल्या वह्यांनी एक फेकून दिलेलं औषध परत आणलं.

पक्षाघातानंतरच्या तपासणीचे अर्ज जगभर भरले जातात. चालता येतं का, बोलता येतं का, रक्तदाब किती, हे त्यांत असतं. त्यात दोन रकाने वाढवायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही. पहिला, रक्तदाबाची कोणती गोळी, नावानिशी, आणि कधीपासून. दुसरा, आकडी आली का, आणि आली असेल तर कोणत्या तारखेला.